लुगडं जागं करणारे गेनूभाऊ

गेनूभाऊंना मी पहिल्यांदा पाहिलं ते लुगड्यात. लोणावळ्याच्या बाजारात कापडाच्या दुकानात मी कामाला लागलो, त्या सकाळी हे पन्नाशीचे धिप्पाड गृहस्थ गादीच्या मधोमध उभे होते. खाली धोतर, त्यावर खोचलेल्या अंजिरी लुगड्याच्या निऱ्या, डोक्यावर पदर आणि पदरातून दोन्हीकडून डोकावणाऱ्या जाडजूड मिशा. समोर आंदर मावळातून पायी आलेल्या चार बाया पोट धरधरून हसत होत्या. हसून झाल्यावर त्यांनी तेच लुगडं घेतलं.

"घडीत लुगडं झोपल्यालं असतं," गेनूभाऊ मला म्हणाले. "अंगावर घेतल्याबिगर जागं व्हत न्हाई. आन् झोपल्यालं लुगडं कोन घरी न्हेतंय?"

आम्हा दोघांना पगार असा नव्हता. विकलेल्या मालावर रुपयामागे एक पैसा कमिशन, बस. भर पावसाळ्यात दिवसदिवस कुणी फिरकायचं नाही, तेव्हा माझा चेहरा उतरे. गेनूभाऊ मात्र मजेत असत. "पगारवाल्याला मालक इचारतो, काय केलंस? आपल्याला गिऱ्हाईक इचारतं, केवढ्याला? लय बरं हाय की!" हा माणूस रिकाम्या हातानं कुणाला पायरी उतरू देत नसे. नुसती वाट विचारायला आलेलाही जाताना पंचा घेऊन जाई.

माझं लग्न मात्र या कमिशनपायीच अडलं होतं. कामशेतची एक मुलगी मी पाहून आलो होतो आणि मला ती फार आवडली होती. तिचे वडील रेल्वेत मुकादम. "ज्याचा पगार ठरल्याला न्हाई, त्याला पोर कशी द्यायची?" हा त्यांचा सवाल. शेवटी, एकदा दुकानात येऊन तुझं काम बघतो, मग काय ते सांगतो, असा त्यांचा निरोप आला. कधी येणार, ते त्यांनी कळवलं नाही.

लग्नसराई आली. एका घरचा बस्ता आमच्याकडे आला. बस्त्याला मोठी माणसंच येत, नवरी घरीच असे. गेनूभाऊंनी हिरवंगार लुगडं अंगावर घेतलं, तशी नवरीची आत्या म्हणाली, "भाऊ, तुमी हे असं आडदांड. आमची पोर बारीक, ठेंगणी. तिला कसं दिसंल?"

गेनूभाऊंनी दुकानभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. मी नको नको म्हणेपर्यंत निऱ्या खोचल्या गेल्या, डोक्यावर पदर आला. "मान खाली घाल, सदा. नवरी हायेस तू!" मी मान खाली घातली. वर केली तेव्हा पायरीवर कामशेतचे मुकादम उभे होते.

घाईनं पुढे झालो, तर निऱ्या पायांत आल्या आणि मी थेट त्यांच्या पायांवर पालथा पडलो.

"अगं बया," आत्या म्हणाली, "सून लय गुनाची हाय!"

दुकान हसून हसून बेजार झालं. मुकादम तेवढे हसले नाहीत. "हेच काम व्हय?" एवढंच म्हणून ते वळले. संपलं सगळं, असं मला वाटलं.

"व्हय, पावनं, हेच काम," गेनूभाऊ शांतपणे म्हणाले. "पोटासाठी चारचौगांत लुगडं नेसायला जो लाजला न्हाई, त्यो तुमच्या पोरीला उपाशी ठेवंल व्हय? बसा. पानी तरी घ्या."

मुकादम बसले. पाणी प्याले. मग माझ्या डोक्यावरच्या पदराचं टोक त्यांनी चिमटीत धरून चोळून पाहिलं. "आमची पोर बी एवढीच हाय," ते हळूच म्हणाले. "बांधा हे."

आत्यानं समजून मान डोलावली. "आमाला दुसरं दावा, भाऊ. ह्ये ठरलं आता."

त्या संध्याकाळी मी लाजत लाजत कमिशनचा विषय काढला. म्हटलं, लुगडं तर मी नेसलो होतो. गेनूभाऊंनी मिशीवरून हात फिरवला. "सासरा तुजा, सदा. गिऱ्हाईक माजं."

पुढं लढाईच्या दिवसांत कापड रेशनवर आलं. कार्ड दाखवायचं, मिळेल ते घ्यायचं, कुणाला पटवायचं कामच उरलं नाही. मालकांनी आम्हाला ठरलेला पगार लावला. माझे सासरे खूश झाले. गेनूभाऊ महिन्याभरात काम सोडून आंदर मावळात आपल्या गावी गेले. "आता झोपल्यालंच लुगडं न्हेत्यात लोक," एवढंच म्हणाले. त्यांच्यावाचून मला ते दुकान खायला उठायचं.

वारण्याच्या आदल्या वर्षी ते गावाहून आमच्या मुलीच्या बारशाला आले होते, एवढी वाट चालत. मिशा पार पांढऱ्या झाल्या होत्या. ते हिरवं लुगडं विरलं होतं, म्हणून बायकोनं त्याच्या मऊ पदराचं दुपटं शिवलं होतं. गेनूभाऊंनी कापड बोटांनी चाचपलं आणि लगेच ओळखलं. दुपटं उचलून त्यांनी डोक्यावर पदरासारखं घेतलं आणि पाळण्यावर वाकले.

"बघ गं, ह्ये तुज्या आयच्या आदी तुज्या बानं नेसलंवतं!"

त्या दिवशी दुकानात न हसलेले माझे सासरे पाळण्याची दोरी सोडून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.