चौथा भोंगा आणि वकीलबाई

प्रश्न विचारायला उठताना वकीलबाई आधी दोन्ही खांद्यांवरून काहीतरी सारखं करायच्या. अंगावर साधी सुती साडी असायची, पण हात फिरायचे ते वकिलाचा काळा गाऊन सावरल्यासारखे. मग चष्मा काढून बोटात अडकवायच्या, समोरच्याचं उत्तर पुरतं ऐकून घ्यायच्या आणि एवढंच विचारायच्या, "छापलं आहे का?"

समोरचा म्हणजे आमचे भाऊ. 'भोंगानगर' ही चित्रकथा लिहिणारे तेच आणि काढणारेही तेच. ज्या छापखान्यातून ती निघायची तिथे मी कामाला आहे, आणि शेवटच्या पानावरचे 'वाचकांचे प्रश्न' माझ्या गळ्यात पडलेले. तुम्ही भोंगानगर वाचलं नसेल तर दोन ओळींत सांगतो. उंच भिंतीतलं एक शहर. पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला कामाला लागायचं, तिसरा झाला की दारं बंद. त्यानंतर जो रस्त्यावर सापडेल त्याचं नाव पटावरून काढायचं, आणि मग घरच्यांनीसुद्धा ते नाव तोंडातून काढायचं नाही.

चित्रकथेला प्रश्न कोण विचारतं, असं तुम्हाला वाटेल. दर हिवाळ्यात धंतोलीतल्या एका वाचनालयाच्या हॉलमध्ये आमचा वाचकमेळावा भरतो, तिथे या एकदा. कळमेश्वरच्या कारखान्यातले इंजिनीअर रजा टाकून येतात. काटोलची मंडळी एसटीने येतात, येताना पिशवीभर संत्री आणतात आणि ती सोलता सोलता विचारतात की भिंतीची उंची किती, पाणी मोजून मिळतं तर न्हावी दाढी कशाने भिजवतो. बाहेर रस्त्यावर दवाखानेच दवाखाने, त्यामुळे दर थोड्या वेळाने रुग्णवाहिका ओरडत जाते आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "झाला तिसरा भोंगा, चला घरी." हा विनोद इतका जुना झाला आहे की आता त्यावर फक्त नवे लोक हसतात.

या सगळ्यात पहिल्या रांगेतली तिसरी खुर्ची वकीलबाईंची. त्या जिल्हा न्यायालयात वकिली करायच्या. फोन उचलला की आधी "जयभीम", मग "बोल गा, काय काम काढलं?" कोर्टात त्यांच्या उलटतपासणीची दहशत होती म्हणतात. मी ती पाहिली नाही, पण भाऊंचा चेहरा पाहिला आहे.

एकदा असं झालं, की भोंगानगरात आरशांना बंदी आहे हे भाऊ एका अंकात लिहून बसले आणि पुढच्याच अंकात न्हाव्याच्या हातात आरसा काढला. मेळाव्यात बाईंनी बोट ठेवलं. भाऊ म्हणाले, "चोरून आणला असेल हो कोणीतरी."

"छापलं आहे का?"

"नाही, पण मी सांगतो ना. मीच लेखक आहे."

"लेखक महाशय, तुम्ही सांगून काही होत नाही. छापलं नाही ते घडलं नाही."

भाऊ चार दिवस छापखान्यात येऊन माझ्यासमोर बाईंच्या नावाने चरफडले. मग घरी बसून त्यांनी आख्खा अंक काढला. चौकीदाराची बायको माहेरच्या पेटीतून आरसा लपवून आणते आणि न्हाव्याकडे ठेवायला देते, कारण तिची बहीण पटावरून गेलेली असते आणि बहिणीचा चेहरा तिच्या चेहऱ्यासारखा असतो. नाव घ्यायची बंदी आहे, पण आरशात बघायला मिळतं. भोंगानगरातला सगळ्यात चांगला अंक तोच, हे तुम्ही कोणत्याही वाचकाला विचारा. बाईंनी वाचून मला फोन केला. "आता बरोबर आहे," म्हणाल्या आणि ठेवून दिला.

छापील पानाबाहेरचं काही ऐकायलाच त्या तयार नसायच्या. सकाळी पोह्याच्या ठेल्यावर एकदा भाऊ आणि त्या समोरासमोर आले. भाऊ मोकळेपणाने म्हणाले, पुढच्या अंकात काय येणार सांगतो तुम्हाला. बाईंनी प्लेट तशीच ठेवली आणि दोन्ही कानांवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पोहेवाला घाबरला, त्याला वाटलं तिखट लागलं.

"तुम्हाला एवढं काय आहे हो त्या भोंगानगराचं?" मी एकदा विचारलंच.

"कोर्टात काय होते मले सांग. खरं काय, खोटं काय, ठरता ठरता माणूस म्हातारा होते. इथं छापलं की ठरलं. मले बरं वाटते गा."

त्यांची आणखी एक खोड सांगतो, पुढे लागेल. दुसऱ्या कोणी प्रश्नातच उत्तर घालून विचारलं की त्या बसल्या जागेवरून हरकत घ्यायच्या. "सूचक प्रश्न आहे. साक्षीदाराच्या तोंडात घास भरवू नका." एकदा एक भाबडा वाचक म्हणाला, "भोंगेवाला मनाने चांगलाच आहे ना हो भाऊ?" तर बाईंनी त्याला इतकं झापलं की तो पुढची दोन वर्षं आला नाही.

आणि एक प्रश्न असा होता की तो विचारल्याशिवाय कोणताही मेळावा संपत नसे. फार पूर्वीच्या एका अंकात, तिसरा भोंगा होऊन दारं बंद झाल्यावर, अचानक चौथा भोंगा वाजतो. चौथा भोंगा म्हणजे काय हे नियमात कुठेच नाही, म्हणून लोक गोंधळून रस्त्यावर येतात, सगळेच येतात, आणि सगळ्यांची नावं पटावरून काढणं कोणालाच जमत नाही. त्या वेळी भोंगेवाला तर कोठडीत असतो. मग वाजवला कोणी? भाऊ दरवर्षी मिशीत हसायचे. "शेवटच्या अंकात." बाईंनाही याच उत्तराची सर्वांत जास्त आस होती. गोष्ट पूर्ण होईस्तोवर मले काही होऊ नये बावा, असं त्या थट्टेत म्हणायच्या, पण ती थट्टा नव्हती.

मग एका पावसाळ्यानंतर वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, मला घरी बोलावून घेतलं. भाऊ आत चित्र काढत बसले होते. वहिनी दार लोटून हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात, हे आता वाढतच जाणार. हात चालते त्यांचा. पण काय काढून राहिले ते त्यांनाच आठवत नाही. काल मले विचारलं, हा न्हावी कोण?"



खरी अडचण पुढे होती. मुंबईची एक कंपनी भोंगानगर विकत घेणार होती. शेवटचा अंक भाऊंनीच काढायचा असं बोलणं झालं होतं, पण अट अशी, की त्यांची प्रकृती ठीक नसेल तर तो कंपनीची माणसं काढतील. कंपनीचा एक माणूस या मेळाव्याला येऊन बसणार होता. भाऊंना आता दुसरी कसलीच इच्छा राहिली नव्हती. दिवसातून दहादा ते वहिनींना म्हणत, शेवट माझ्या हातचा पाहिजे.

"मेळावाच रद्द करू," मी म्हणालो.

"मंग तर कंपनीले कळेलच. तू फक्त त्या वकीलबाईले बोलू देऊ नोको. आणि हे कोणालेच सांगायचं नाही, तिले तर नाहीच."

बोलू देऊ नको. बाईंना. हे सांगणं किती सोपं होतं.

मेळाव्याच्या दिवशी हॉल भरला होता. शेवटच्या रांगेत कंपनीचा माणूस मांडीवर लॅपटॉप उघडून बसला होता. भाऊ नव्या कुर्त्यात व्यासपीठावर, चेहऱ्यावर छान हसू. वहिनी बाजूच्या दारात पदर मुठीत धरून उभ्या. मी माईक घेऊन मुद्दाम मागच्या रांगांकडे निघालो, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आवाज आला, "पहिला प्रश्न माझा असते, विसरला काय?" आणि बाईंचे हात खांद्यांवरून फिरले.

बाईंची पद्धत अशी, की सुरुवात सोप्या प्रश्नाने करायची. साक्षीदार सैल पडला पाहिजे, असं त्या म्हणायच्या. त्यांनी चष्मा काढून बोटात अडकवला. "लेखक महाशय, न्हाव्याकडे आरसा कुठून आला?"

भाऊंनी थोडा विचार केला आणि प्रसन्नपणे म्हणाले, "आरसा? आरसे तर सगळ्यांकडेच असतात की भोंगानगरात."

हॉल हसला. भाऊ बाईंची फिरकी घेत आहेत असंच सगळ्यांना वाटलं. कंपनीच्या माणसाने मान वर केली. वहिनींकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. फक्त बाई हसल्या नाहीत. त्या भाऊंकडे बघत होत्या, आणि बाहेरून एक रुग्णवाहिका जात होती, तिचा आवाज पार लांब जाईपर्यंत त्या बघतच राहिल्या. मग त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. प्रश्न संपायच्या आधी चष्मा घातलेला मी कधी पाहिला नव्हता.

"भाऊ," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत लेखक महाशयांना त्यांनी पहिल्यांदाच भाऊ म्हटलं. "भाऊ, तुम्ही आमची गंमत करून राहिले. चौकीदाराच्या बायकोनं तो माहेरच्या पेटीतून आणला, बहिणीचा चेहरा दिसावा म्हणून. असंच ना?"

"असंच," भाऊ म्हणाले, आणि त्यांना खूप बरं वाटलेलं दिसलं.

त्यानंतर तासभर जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. बाई खाली बसल्याच नाहीत. कोणी विचारलं की भोंगेवाला बहिरा कधी झाला, तर भाऊंनी तोंड उघडायच्या आत बाई वळून म्हणायच्या, "याचा प्रश्न असा आहे, की पाण्याच्या दंग्यात डावा कान गेला, तेव्हाच ना?" भाऊ म्हणायचे, "तेव्हाच." एकाने पटाचा रंग विचारला. "लाल कापडात बांधलेला. बरोबर?" "बरोबर." जी बाई दुसऱ्याचा सूचक प्रश्न जागच्या जागी हाणून पाडायची, ती एकामागून एक सूचक प्रश्न विचारत होती, आणि आवाज मात्र दरडावणीचाच. लोकांना वाटलं, आज वकीलबाई फारच पेटल्या आहेत. जुने वाचक आपसांत कुजबुजले, पण त्यांना अडवायची कोणाची छाती झाली नाही.

मी घड्याळाकडे बघत होतो. आता आभार मानावेत म्हणून पुढे आलो, तर काटोलच्या मंडळींतली एक कॉलेजातली मुलगी उभी राहिली. "भाऊ, मी पहिल्यांदाच आली आहे. चौथा भोंगा कोणी वाजवला?"

भाऊंनी मुलीकडे पाहिलं, मग बाईंकडे. ते शांतपणे वाट बघत होते, की आता ही बाई उत्तर सांगेल आणि आपण हो म्हणू. पण हे उत्तर बाईंकडेही नव्हतं. ते एकट्या भाऊंच्या डोक्यात होतं, आणि आता तिथेही नव्हतं. बाईंच्या हातातला रुमाल मला दिसत होता, त्याचा पार बोळा झाला होता. भाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरायला लागलं. कंपनीचा माणूस लॅपटॉप मिटून पुढे वाकला.

बाईंनी त्या मुलीकडे वळून विचारलं, "छापलं आहे का?"

"नाही, म्हणूनच तर—"

"मग तो प्रश्न आज येतच नाही. जे छापलं नाही ते लेखकाला विचारायचं नाही. हा या मेळाव्याचा नियम आहे, आणि मी इथे आहे तोवर राहील. बस बाळा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कंपनीचा माणूससुद्धा हसत वाजवत होता. भाऊंनी हात जोडले.

बाहेर गर्दीतून मी बाईंना रिक्षापर्यंत सोडायला गेलो. मी काही सांगितलं नाही, त्यांनी काही विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "आता ते कधीच कळणार नाही ना गा?" मी नाही म्हणून मान हलवली. मला रडू येत होतं, आणि त्या रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडायला लागल्या होत्या.

शेवटचा अंक भाऊंनीच काढला. पानं छापखान्यात आली तेव्हा माझा हात एका चौकटीवर थांबला. भोंग्याचा मनोरा, भोंगा वाजवायचा लोंबता दोर, दोर हललेला, आणि दोराशी कोणीच नाही. माणूस नंतर भरायची जागा कोरी सोडली होती. मी वहिनींना फोन केला. त्यांनी भाऊंना विचारलं. भाऊ म्हणाले, झालं आहे ते, छापा.

तसंच छापलं. पहिली प्रत मी बाईंना नेऊन दिली. त्यांनी ते पान खिडकीशी नेऊन पाहिलं, पालथं घालून पाहिलं, परत पाहिलं. "विसरले ना गा ते?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी त्या कोऱ्या जागेवरून बोट फिरवलं. मग अंक मिटून मांडीवर ठेवला. "छापलं आहे. मंग झालं. कोणी नाही वाजवला."

वाचकांच्या ग्रुपवर लोक खवळले, चूक आहे, फसवणूक आहे म्हणाले. बाईंनी एकेकाला गाठून ऐकवलं. दोर हलतो आहे, माणूस नाही, शहराने भोंगा ऐकला आहे, यात चूक कुठे आहे ते दाखवा. पुढच्या मेळाव्यात त्यांनी तासभर हीच बाजू मांडली आणि शेवटी सगळ्यांनी मान्य केलं. आता तर नवे वाचक त्या चौकटीला भोंगानगरातली सगळ्यात भारी चौकट म्हणतात.

भाऊ गेले, आणि या वर्षी पावसाळ्याआधी बाईही गेल्या, धंतोलीतल्याच एका दवाखान्यात, मेळाव्याच्या हॉलपासून दोन गल्ल्यांवर. परवाच्या मेळाव्यात एक नवीन मुलगा उठला आणि म्हणाला, ती चौकट कोरी राहिली ती भाऊ विसरले म्हणूनच ना, असं मी कुठेतरी ऐकलं आहे. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पहिल्या रांगेतल्या तिसऱ्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर काटोलवाल्यांनी संत्र्यांची पिशवी ठेवली होती.

"छापलं आहे का?" मी विचारलं.

मुलगा नाही म्हणाला आणि खाली बसला.