रक्त न्यायला आलेला खंडोजी

खंडोजीराव पहाटे आनेकलहून बस पकडतो आणि सातपासून सर्जापूर रोडवरच्या फ्लॅटांमधून रक्ताचे नमुने गोळा करतो. घराणं तीनशे वर्षांपासून इथलंच, त्यामुळे त्याची मराठी कन्नडमध्ये चांगली मुरलेली. वय त्रेचाळीस, हात हलका. सुई कधी टोचली ते कळतही नाही, असं म्हातारे सांगतात. तरी दार उघडणारा त्याच्याकडे आधी संशयानेच बघतो. एवढ्या नळ्या कशाला? सुई नवीच ना? त्याच्या नावावर दोन तक्रारी होत्या. तिसरी आली की काम सुटणार होतं.

बसमध्ये तो व्हॅम्पायरची कॉमिक्स वाचतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानातली, इंग्रजी. अडलेला शब्द चित्रावरून लावायचा. भ्यायला म्हणून तो ती वाचत नाही. त्या गोष्टींत सगळं गाव एकमेकांवर संशय घेतं, पण रक्त पिणारा कोण ते शेवटी कळतंच. खंडोजीच्या दिवसात ते कधी कळत नाही. एका दारावरचा संशय तसाच घेऊन तो पुढच्या दारी जातो. शिवाय त्यांतला व्हॅम्पायर बोलावल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही. हा नियम खंडोजीला इतका पटला की त्याने तो स्वतःलाच लावून घेतला. दार सताड उघडं असलं तरी आतून कुणी ‘या’ म्हणेपर्यंत तो बाहेर थांबतो.

मंगळवारी हेच अंगाशी आलं. पुण्याहून आलेल्या आसावरीने वडिलांच्या तपासणीसाठी त्याला बोलावलं होतं. गेटवरची परवानगी तिने अॅपवर दिली, दार उघडं ठेवलं आणि ऑफिसच्या मीटिंगला बसली. पाच मिनिटांनी दारावरच्या कॅमेऱ्यात बघते तर एक माणूस बॅग धरून नुसता उभा, नजर आत.

“काय बघताय केव्हापासून?”

“काही नाही अक्का. या म्हणाल म्हणून थांबलो.”

“दार उघडंच होतं की! घंटा तरी वाजवायची.”

आत आल्यावर नळ्या काढताना बॅगेतून कॉमिक घसरलं. मुखपृष्ठावर सुळे आणि एक गोरी मान. आसावरीने ते उचललं.

“रक्त काढणाऱ्या माणसाने हे वाचायचं?”

“मग काय त्याने पाककृती वाचायच्या?” बाबा बाही वर करत म्हणाले.

ती हसली नाही. “तीन नळ्या का?”

“करड्या झाकणाची साखरेला, जांभळी तीन महिन्यांच्या सरासरीला, पिवळी किडनीला. स्वल्पच रक्त लागतं.”

“पुस्तक राहू दे इथे. मी बघते काय आहे ते.”

बाबांच्या नाश्त्यानंतर दोन तासांनी दुसरा नमुना घ्यायचा होता. खंडोजी खाली उतरतो न उतरतो तोच सुपरवायझर विराटचा फोन. “तिसरी तक्रार आली. घरात टेहळणी करत होता, असं लिहिलंय. दुसरा नमुना घे आणि संध्याकाळी बॅग जमा कर.”

“सरी, करतो जमा,” तो म्हणाला.

दोन तासांनी बाबांनीच आतून हाक मारली. आसावरी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती, मांडीवर कॉमिक. सुई निघाल्यावर ती म्हणाली,

“गावाने हाकलला तो न्हावी. रक्त पिणारा तो नव्हताच.”

“नाही. वैद्य होता तो.”

“एकतिसाव्या पानापर्यंत मी त्या न्हाव्यालाच धरून बसले होते.”

“सगळ्यांना तोच वाटतो. हातात वस्तरा असतो ना.”

तिने पुस्तक मिटलं, फोन उचलला आणि त्याच्यासमोरच विराटला सांगितलं, “मघाची तक्रार चुकीची होती. ते टेहळणी करत नव्हते, आत यायला विचारत होते. तसं लिहून घ्या.”

खंडोजीने नळीवरचं नाव दोनदा तपासलं. आजवर एकाही दाराने बोललेलं मागे घेतलं नव्हतं. हिला नक्की काय हवंय?

“फोन का केलात, अक्का?”

“चूक माझी होती म्हणून. याचा दुसरा भाग आहे?”

“आहे,” तो जपून म्हणाला.

“घ्या, हिचं आता ऑफिस बुडणार,” बाबा पुटपुटले.

लिफ्टचं दार बंद होताच त्याने विराटला फोन लावला. “ती मॅडम खरंच बोलली ना तसं? का माझ्यासमोर नुसता फोन कानाला लावला होता?”

“बोलली रे बाबा. बॅग ठेव तुझ्याकडेच. उद्या सातला महादेवपुऱ्यात जायचंय.”

“लिहून पाठव,” खंडोजी म्हणाला.