दुसऱ्या खान्यातला खेळ

लातूरला एका खासगी क्लासमध्ये मी भौतिकशास्त्र शिकवतो. चाचणीचे गुण मी वर्गात मोठ्यानं वाचतो आणि सुरुवात तळापासून करतो. सगळ्यात कमी गुणवाल्याला उभं करतो, त्याचा पेपर सगळ्यांना दाखवतो. पालकांना हे आवडतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मी मुळात मऊ माणूस होतो आणि एका व्हिडिओ गेमनं मला बिघडवलं, असा कुणाचा समज व्हायला नको.

गेम एका सहकाऱ्यानं सुचवला होता. पडद्याच्या डाव्या कडेनं एक बुटका मशालजी निघतो आणि उजवीकडे पळत सुटतो. वाटेत खंदक, भाले, पायाखालून निसटणाऱ्या फळ्या. चित्रं हातानं काढलेली, इतकी देखणी की मेल्यावरही दोन क्षण बघत राहावं. मरणं मात्र सारखंच. सोपं करायची सोय कुठंच नाही. उजवीकडून काय येतंय ते अंगावर आल्याशिवाय दिसत नाही. मेलं की मशालीसाठी वाटेत जमवलेलं तेल सगळं तिथंच सांडतं, आणि आपण पार मागच्या चौथऱ्यावर. तिथून परत तेच खंदक, तेच भाले, चार-पाच मिनिटांची तीच धाव.

त्या धावेच्या शेवटी साखळीवाली बसलेली असायची. फुटकी घंटा साखळीला बांधून गरागरा फिरवणारी एक अजस्र म्हातारी. सात आठवडे झाले तरी ती मला पुढं जाऊ देईना. मी रोज क्लासवरून येऊन बसायचो, पंधरा-वीस वेळा मरायचो आणि कंट्रोलर गादीवर आपटायचो. तरी एक मान्य करायला हवं. ती फसवायची नाही. तिचा प्रत्येक वार ठरलेला होता. मेलो की कळायचं, चूक आपलीच. याचाच जास्त राग यायचा.

बायको शेजारी बसून बघायची. ती नांदेड जिल्ह्यातल्या नायगावकडची, शेतीवाल्या घरातली, रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी झालेली. आमच्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. एका रविवारी ती म्हणाली, मी बघू का जरा. मी कंट्रोलर दिला. पहिल्याच खंदकात ती वीसेक वेळा पडली. मी पोट धरून हसलो. हे तुझं काम नाही, असंही म्हणालो. गेममध्ये आपापला खेळ जतन करून ठेवायला तीन खाने होते. पहिला माझा होता. तिनं दुसऱ्यात आपला खेळ सुरू केला.

मी दुपारी बाराला जायचो आणि आठला यायचो. मधल्या वेळात ती किती खेळते, हे मी कधी विचारलंच नाही. एका संध्याकाळी चहा गाळता गाळता ती म्हणाली, साखळीवाली मेली. मला वाटलं, थट्टा करतेय. लॅपटॉप उघडला. दुसऱ्या खान्यातला मशालजी म्हातारीच्या पलीकडच्या बागेत उभा होता. तो भाग मी जन्मात बघितला नव्हता.

कसं केलंस, म्हणून मी विचारलं.

"आवाज ऐका की तिचा," ती म्हणाली. "साखळी फेकायच्या आधी ती श्वास घेती."

मी कायम आवाज बंद करून खेळायचो. कानात क्रिकेटचं समालोचन असायचं. गेम बनवणाऱ्यानं उत्तर तिथंच ठेवलं होतं, आणि मी सात आठवडे कान झाकून बसलो होतो. त्या दिवशी आवाज लावून बसलो. श्वास ऐकू आला. अगदी स्पष्ट. पण तो ऐकून हात हलेपर्यंत साखळी छातीत बसलेली असायची. माहीत नव्हतं तोवर निदान सबब होती.

दिवाळीत भाऊबीजेला नायगावला गेलो तेव्हा लॅपटॉप सोबत नेला. का नेला ते मला चांगलं माहीत होतं. दुपारच्या जेवणानंतर बायकोचा थोरला भाऊ येऊन बसला. त्याची सोयाबीनची रास नुकतीच झालेली, माणूस निवांत होता. मी लॅपटॉप टीव्हीला जोडला, दुसरा खाना उघडला आणि सांगायला लागलो. साखळीवाली कशी, ती मी कशी मारली, लोक कसे महिनोन्महिने तिथंच अडकतात. श्वासाचं गुपितही माझाच शोध असल्यासारखं सांगितलं. बायको दारात ताटं घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

भाऊ म्हणाला, "दाजी, लई भारी हाय. पुढं खेळून दाखवा की."

त्या बागेतला पहिला काटाही मला ओळखीचा नव्हता. मी मेलो. परत मेलो. तिची भावजय पदराआड हसली. सासऱ्यांनी आधी कौतुकानं, मग अवघडून बघितलं आणि शेवटी पेपर उघडला. भावाला काहीतरी उमगलं असावं. त्यानं दाराकडे बघितलं आणि बहिणीला विचारलं, "तू बी खेळती काय गं?"

माझे हात थांबले. ती एका वाक्यात मला उघडं पाडू शकत होती.

"मला कुठं येतंय," ती म्हणाली आणि ताटं घेऊन आत गेली.

तिनं मला वाचवलं. ती खरं बोलली असती तर मी चिडलो असतो, भांडलो असतो आणि चार दिवसांत विसरलो असतो. तिनं दया केली, आणि ती मला पचली नाही.

लातूरला परतल्यावर तिसऱ्या दिवशी ती भाजी आणायला गेली होती. मी दुसरा खाना पुसला. बटण तीन सेकंद दाबून धरावं लागतं. धरल्यावर एक वर्तुळ हळूहळू भरत जातं. मग गेम विचारतो, नक्की? मी हो म्हटलं. तो पुन्हा विचारतो. मी पुन्हा हो म्हटलं. ती आली तेव्हा सांगितलं की अपडेट आला आणि त्यात तुझा खेळ उडाला. ती पिशवी हातात तशीच धरून थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग बरं म्हणाली आणि कोथिंबीर निवडायला बसली. त्यानंतर तिनं कंट्रोलरला हात लावला नाही.

जानेवारीत मी साखळीवाली मारली. बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. ती आली, छान म्हणाली आणि पोळी करपेल म्हणून परत गेली. मी त्या बागेत एकटाच उभा राहिलो. पुढं खेळावंसं वाटलं नाही.

मार्चमध्ये आम्ही मेथी निवडत बसलो होतो, तेव्हा ती सहज बोलावं तशी बोलली.

"अपडेटनं उडालं असतं तर तुमचा खानाबी उडाला असता ना."

मी विचारलं, तेव्हाच का नाही बोललीस.

"तुम्ही सांगताव का, ते बघत होते."

मी माफी मागितली. चुकलो म्हणालो, दोनदा म्हणालो. तिनं मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"ते जाऊ द्या," ती म्हणाली. "पण आता तुमच्यासमोर मी काही जिंकायची न्हाई."

मला वाटलं, रुसली आहे, निवळेल.

जूनमध्ये तिच्या भावाचा फोन आला. दाजी, पेढे कधी, म्हणून विचारलं. कशाचे, असं विचारायला माझी जीभ रेटेना. त्याच्याच बोलण्यातून कळत गेलं. नांदेडला विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजात तिची प्रयोगशाळा सहायक म्हणून निवड झाली होती. हिवाळ्यात अर्ज केला, माहेरी जाते म्हणून जाऊन परीक्षा दिली, मुलाखत दिली. नायगावात सगळ्यांना ठाऊक होतं. मलाही असणार, असं तो धरून चालला होता.

ती मोरीत कपडे धूत होती. मी दारात उभं राहून अभिनंदन केलं. तिचे हात थांबले.

"कुणी सांगितलं?"

तुझ्या भावानं, मी म्हणालो.

तिनं पुन्हा साबण हातात घेतला. हजर झाल्यावर सांगणारच होते, म्हणाली.

आता ती विष्णुपुरीला खोली घेऊन राहते. शनिवारी येते, सोमवारी पहाटेच्या बसनं जाते. सगळं व्यवस्थित आहे. ती माझी विचारपूस करते, डबे भरून ठेवते. परवा एका रविवारी ती येणार नव्हती, म्हणून मीच न कळवता गेलो. जिन्यातच तिचा आवाज आला. शेजारच्या खोलीतल्या बाईंना ती काहीतरी सांगत होती, आपण काय केलं, कसं जमवलं, असलं काहीतरी, आणि मधेच इतकी मोकळी हसत होती की मी दोन पायऱ्या खालीच थांबलो. मग वर गेलो. मला बघून ती उठली, पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली. शेजारच्या बाईंनी हसत विचारलं, "सर, तुम्हाला सांगितलंच असेल ना हिनं?"

मी हो म्हणालो. आत स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला.