घरवाले नाही आले?

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. लग्न माझं करून पाहून झालं होतं. त्यात पाहण्यासारखं फारसं काही निघालं नाही, म्हणून पस्तिशी ओलांडल्यावर मी घर पाहायला निघाले. बांधून पाहायची ऐपत नव्हती. कोणाचं तरी विकत घेऊन पाहायचं होतं.

मी तेव्हा दारव्ह्याजवळच्या एका खेड्यात, सरकारी आरोग्य उपकेंद्रावर सिस्टर होते. माय आणि मी तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. त्या क्वार्टरला पावसाळ्यात अंगणापेक्षा आत जास्त पाणी असायचं. शेवटी एक साहेब आले, भिंतीला बोट लावून पाहिलं, बोटाबरोबर भिंतीचा पोपडाही आला, आणि दिवाळीनंतर खाली करा असं सांगून ते निघून गेले.

माय म्हणाली, "आता पुन्हा कोनाच्या तरी खोलीत नको वो. मले एक खिळा पाह्यजे."

हे खिळ्याचं प्रकरण जुनं होतं. माझा बाप कापूस पिंजायच्या कारखान्यात, जिनिंगवर, कामाला होता. जिनिंग बदललं की गाव बदलायचं, गाव बदललं की खोली बदलायची, आणि प्रत्येक घरमालकाची अट मात्र एकच असायची, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. मायचं सूप आयुष्यभर दारामागे भिंतीला टेकून उभं राहिलं. दार उघडलं की ते पडायचं, पडलं की उंदीर त्याच्या कडा कुरतडायचे, आणि माय वर्षातून एकदा बुरडाकडून ते बांधून आणायची. सूप भिंतीवर टांगलेलं असावं, एवढीच तिची घराची व्याख्या होती. मला ती मोठमोठ्या व्याख्यांपेक्षा पटत असे.

ती कापसाची वाईट वर्षं होती. घरं विकायला पुष्कळ निघाली होती. दारव्ह्यात एक जण पूर्वी कापसाची दलाली करायचा. कापसात दम उरला नाही म्हणून तो घरं दाखवायला लागला होता. तोंडातली भाषा मात्र जुनीच. "एक नंबर माल हाये ताई, लांब धाग्याचा," असं तो तीन खोल्यांच्या घराबद्दल म्हणायचा. भिंत दाखवताना तीत हात खुपसून नमुना काढता येत नाही, याचं त्याला वाईट वाटत असावं.

पहिलं घर एका बियाणं-फवारणीच्या दुकानदाराचं होतं. त्यानं आम्हाला ओसरीत बसवलं, चहा दिला, आणि माझ्या खांद्यावरून फाटकाकडे पाहत विचारलं, "घरवाले नाही आले?"

मी म्हणाले, "पाण्याचं कसं आहे?"

तो दलालाला म्हणाला, "पान्याची चिंता नाही. पन घरवाले कवा येतीन?"

मी काही बोलायच्या आत माय बोलून मोकळी झाली. "जवाई राजूरले खाणीत हायेत ना. सुट्टी नाही भेटत."

मी मायकडे पाहत राहिले. राजूरला, वणीकडच्या त्या कोळशाच्या गावात, आमचं चिटपाखरूही नव्हतं. ज्याला मी सोडून आले होते तो मारेगावकडचा, आणि त्यानं कोळसा पाहिला असेल तर तो चिलमीवरचा. पण दुकानदाराचा चेहरा खुलला. खाणीतला माणूस म्हणजे पक्की नोकरी. त्यानं लगेच आम्हाला आतल्या खोल्या दाखवल्या.

परतीच्या जीपमध्ये मी मायवर उखडले. "कायले खोटं बोलली?"

"मंग काय सांगू? पोरगी नवऱ्याले सोडून आली, असं सांगू? कोन देईन मंग घर?"

लोक मला टाकलेली म्हणायचे. मी दरवेळी दुरुस्त करायची, टाकलं मी आहे. पण माय दुरुस्त करायची नाही, झाकायची. तिच्या त्या झाकण्याचा मला संताप यायचा आणि तिची दयाही यायची.

त्या "घरवाले" शब्दानं तर मला तेव्हा जेरीस आणलं होतं. आमच्याकडे घरवाला म्हणजे नवरा. मग त्याच्या नावावर घर असो नसो. माझ्या नवऱ्याच्या नावावर साधी कोंबड्यांची डालगीही नव्हती, तो भावाच्या घरात राहायचा, भावजयीचं खायचा आणि माझ्यावर ओरडायचा. तरी तो घरवाला. आणि मी घर विकत घ्यायला निघालेली बाई, तरी घर पाहताना सगळ्यांची नजर माझ्या मागे, फाटकाकडे. एकेकाळी मला पाहायला पाहुणे यायचे, तेव्हाही सगळं बोलणं माझ्या डोक्यावरून व्हायचं. आता पाहायला मी जात होते, चहा समोरचे देत होते, आणि बोलणं तरी डोक्यावरूनच चाललं होतं.

दुसऱ्या घरी तर कमालच झाली. मायनं राजूर काढायच्या आत घरमालकानं माझं रिकामं कपाळ पाहिलं, आवाज खाली आणला आणि विचारलं, "त्यातलेच काय वो घरवाले?" त्यातले म्हणजे कुठले, हे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात कोणाला सांगावं लागत नसे. एकटी बाई दिसली की लोक आधी तोच हिशेब करत. त्याची बायको पदर तोंडाला लावून तयारच होती.

"नाही," मी म्हणाले. "तो जिवंत आहे. खाऊनपिऊन मजेत आहे."

दोघांचीही निराशा झाली. कीव करायला आणलेला माल त्यांच्याकडेच पडून राहिला. ते घर मला आवडलं होतं, पण त्या दोघांच्या तावडीतून आलेल्या भिंतीत मी राहिले नसते.

पुढच्या घरांमध्ये मायचा जावई वाढतच गेला. आधी तो नुसता खाणीत होता, मग मुकादम झाला, मग त्याला रात्रपाळी लागली. एका ठिकाणी तर घरमालकानं त्याच्या तब्येतीची चौकशी केली तेव्हा माय म्हणाली, "खोकला हाये थोडा, कोळशानं." मला हसू आवरेना. माझ्या खऱ्या नवऱ्याच्या खोकल्याची तिनं कधी एवढी काळजी केली नव्हती.

मग ते कापसाचं घर आलं.

ते एका मिस्त्रीचं होतं. रस्त्यावर त्याचं मोटारसायकली दुरुस्त करायचं गॅरेज, मागे घर. गावाकडे थोडी शेती, ती बटईनं, अर्ध्या वाट्यावर, दिलेली. म्हातारा-म्हातारी लेकाकडे नागपूरला जाणार होते. आम्ही त्यांना चाचा-चाची म्हणू लागलो. चाचानं पुढच्या खोलीचं दार उघडलं आणि पुढे पाहायला काही उरलंच नाही. उंबरठ्यापासून पत्र्याच्या आढ्यापर्यंत कापूस. भाव येईल म्हणून ठेवलेला. त्या वर्षी घरोघरी असंच होतं. कापूस खोलीत आणि माणसं ओसरीत, अंग खाजवत.

दलाल म्हणाला, "खोली मोठी हाये ताई. मागं खिडकी हाये, भिंत पक्की हाये. समजून घ्या."

"मी बाळाचं वजनसुद्धा काटा पाहिल्याशिवाय लिहीत नाही," मी म्हणाले. "भिंत समजून कशी घेऊ?"

चाचा हसले. "पहले भी लोग आये बाई. सब इधरीच खडे रहके देखे." मग त्यांची नजरही ठरल्याप्रमाणे माझ्या मागे गेली. "घरवाले नहीं आये?"

मायनं तोंड उघडलं. राजूर बाहेर पडायच्या आत मी चपला काढल्या, कापसाला हात लावून कपाळाला लावला, पदर खोचला आणि वर चढले.

कापसावर चढणं सोपं नसतं. पहिल्या पावलाला गुडघ्यापर्यंत आत, दुसऱ्याला मांडीपर्यंत. खालून माय ओरडत होती, "पडशीन वो! काय म्हनतीन लोक!" दलाल म्हणत होता, "ताई, माल दबून राह्यला." मी हातापायांवर सरकत आढ्याखाली पोचले. नाकातोंडात कापूस, केसांत कापूस. आयुष्यात इतकं बेशिस्त मी कधी वागले नव्हते, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटत होतं.

मागची भिंत हाताला लागली. थंडगार ओली. तिथला कापूस मुठीत धरून ओढला तर पिवळा पडलेला, कुबट वासाचा. मी तो तसाच घेऊन घसरत खाली आले आणि चाचांच्या हातात दिला.

त्यांचा चेहरा उतरला. शेजारच्याची मोरी त्या भिंतीला लागून होती. ती झिरपत होती आणि आतून वर्षाचं पीक सडत होतं. "इधर कोई चढाच नहीं," ते एवढंच म्हणाले. मग बोलणं थांबलं आणि काम सुरू झालं. चाचा, पडद्याआडून बाहेर आलेली चाची, मी, शिव्या देत का होईना पण दलालही, आणि शेवटी पदर बांधून माय. सगळ्यांनी मिळून कापूस ओढून ओसरीत आणला, ओला वेगळा, कोरडा वेगळा. दुपार कलली तेव्हा खोली मोकळी झाली. खोली खरंच मोठी होती. खिडकीही होती.

चाचीनं चहा दिला. चाचा माझ्यावर खूश होते आणि तिथंच घोटाळा झाला. "मेरा साला राजूर में ट्रक चलाता," ते मायला म्हणाले. मायनं मधे कधीतरी, कापूस ओढता ओढता, जावई सांगून टाकला होता. "पाली कौनसी है जमाई की? मैं खुद जाता. मर्द-मर्द में बात हो जाती तो पक्का."

मायनं चहाचा कप खाली ठेवला. घर समोर होतं. भिंतीची ओल काढून घेतली की राहण्याजोगं होतं, आणि आमच्या आवाक्यातलंही होतं. आणखी एक खोटं बोललं असतं तर कदाचित मिळूनही गेलं असतं. मला भीती वाटली, हे कबूल करते. पण माझ्या घराचा पाया त्या न जन्मलेल्या खाणकामगारावर घालायला मी तयार नव्हते.

"चाचा, राजूरला माझं कोणी नाही. नवरा मारेगावकडे आहे, मीच त्याला सोडून आले. घर मी घेणार, माझ्या पगारात, माझ्या नावावर. बोलायचं असेल तर माझ्याशी बोला, नाहीतर चहाबद्दल मेहेरबानी."

मायनं मान खाली घातली होती. चाचांनी दाढीतला कापूस वेचला. "कल को वो आके बोला, मेरी औरत का घर मेरा घर, तो?"

"तर तुमच्या गॅरेजमधला सगळ्यात मोठा पाना आजच देऊन ठेवा."

चाची आधी हसली. इतकी हसली की तिला ठसका लागला. चाचा हसले नाहीत. त्यांनी एकदा मोकळ्या खोलीकडे, एकदा ओसरीतल्या ढिगाकडे पाहिलं. "मोरी का मैं देखता. भिंत सुखा के देता. बात करने आपीच आना बाई. किसी को लाने की जरूरत नहीं."

जीपमध्ये माय माझ्याशी बोलली नाही. रात्री जेवतानाही नाही. भरल्या घरात लेकीनं तिला खोटं पाडलं होतं. मी समजूत काढली नाही. मला वाईट वाटत होतं, पण माघार घ्यायची नव्हती.

संक्रांतीनंतर आम्ही त्या घरात राहायला गेलो. भिंत कोरडी झाली होती, खोली झाडून घेतली होती, तरी कोपऱ्याकोपऱ्यांतून, चौकटीच्या फटींतून कापूस निघतच होता. सामान टेम्पोतून उतरलं आणि मी सगळ्यात आधी हातोडी शोधली. माय सूप हातात धरून मागे उभी, अजूनही जेवढ्यास तेवढंच बोलणारी. "थोडं वर," एवढंच म्हणाली. मी थोडं वर धरलं आणि पहिला ठोका मारला.

तेवढ्यात फाटक वाजलं. नगरपालिकेचा नळवाला होता. माय सूप घेऊनच दाराशी गेली. मी खिळा बोटांत धरून तशीच थांबले. तो काय विचारणार हे मला पाठ होतं, आणि माय काय सांगणार हेही. रात्रपाळी, सुट्टी, खोकला.

"घरवाले हायेत काय वो बाई?"

मायचा आवाज आला, शेजारच्या चार घरांना ऐकू जाईल असा.

"घरवाली हाये ना. आत खिळा ठोकून राह्यली. थांबा जरासे."

मी खिळा ठोकला. एका सुपाला दोन खिळे लागत नाहीत, पण मी दुसराही ठोकला.