आता पुडी सोडा

ही फजिती मी स्वतःच सांगून टाकतो, कारण दर्यापुरात दोन दिवस राहिलात तर कोणीतरी तिखटमीठ लावून सांगेलच. वर मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणजे फजितीला पदवीसुद्धा आहे.

आमच्या वहिनीने, म्हणजे थोरल्या भावाच्या बायकोने, अकोल्याला शिकून संत्र्याचं सरबत बाटलीत भरायचा घरगुती धंदा काढला. पहिलीच ऑर्डर मिळाली गावातल्या एका साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची. ती जमली तर त्याच घरचं लग्नही तिच्याकडे येणार होतं. बिचारीला झोप नव्हती.

आणि मला काळजी कशाची? तिच्या सोडियम बेंझोएटची. सरबत टिकावं म्हणून घालायची ती पांढरी पावडर. ‘केमिकल म्हणजे विष’ हे ज्ञान मला मोबाइलवर रोज पहाटे फुकट मिळतं, आणि मी ते चहाच्या आत शंभर जणांना पाठवतो.

“वहिनी, लोकांना विष पाजणार का?”

“काहून विष? मापात असली का सरकार चालू देते. जास्त टाकली त वाईट. मीठ जास्त पडलं तरी वाईटच नं, भाऊजी. अन् तुमी समोशासंग सॉस खाऊन राहिले, त्या बाटलीवर वाचा काय लिवलं हाय.”

मी वाचलं नाही. विद्वानाला लेबल वाचायची गरज नसते.

रस गाळून पाकात मिसळला. पाकात साखर मी हात राखूनच घातली होती, लोकांच्या तब्येतीसाठी. वहिनीने पावडर तोलून कागदाच्या पुडीत बांधली आणि बाटल्यांची लेबलं आणायला अकोल्याला गेली. पातेल्यापाशी मी. दुपारी तिचा फोन आला, मागे एसटीचा कल्ला.

“भाऊजी, रस थंडा झाला असन. आता पुडी सोडा, अन् भरा बाटल्या.”

सोडा! ऐकून माझा ऊर भरून आला. अखेर पटलं बाईला. मी पुडी उचलून फडताळात टाकली आणि शुद्ध, सात्त्विक सरबत भरून बुचं घट्ट बसवली.

मग मार्चचं ऊन, पत्र्याची खोली आणि आठ दिवस.

साक्षगंधात पहिली बाटली उघडली तेव्हा बूच मंडपाला लागलं. दुसरी कोणी हात न लावताच उडाली, ती थेट नवरदेवाच्या पांढऱ्या कुर्त्यावर. त्याचे माळकरी मामा मात्र तिसरा गिलास मागत होते. “याच्यात दम हाय,” म्हणाले, आणि व्याह्याच्या गळ्यात पडून रडू लागले.

वहिनीने एक घोट चाखला. तिचं तोंड उतरलं.

“भाऊजी, पुडी?”

“तुम्हीच म्हणालात, सोडा. मी सोडली.”

“रसात सोडा म्हटलं होतं मी. कढईत तेल सोडतेत, तशी.”

मुलीचे वडील भले माणूस. म्हणाले, “वयनी, लग्नाले बी सरबत तुमचंच, पण पावडर टाकून. अन् मास्तरले भांड्याजवळ येऊ देऊ नोका.”

एवढ्यावर गप्प बसलो असतो तर मास्तर कसला? मी भर मंडपात सुरू केलं, की क्रियापदच दुहेरी अर्थाचं आहे, वाक्यात ‘रसात’ हा शब्द नव्हता, चूक वाक्यरचनेची आहे.

वहिनी उडालेली बुचं गोळा करत म्हणाली,

“रोज सकाळी उठून मोबाइलवर शंभर पुड्या सोडता तुमी, भाऊजी. एक रसात सोडता नाई आली?”