घराचा रिपोर्ट जुना होते म्हणजे काय होते?

परवा आमच्याच बिल्डिंगमध्ये माझी अशी फजिती झाली की काय सांगू... एरवी लोकांची फजिती करायचं काम माझं!

प्रताप नगरात मी राहते त्या फ्लॅटच्या वरचा फ्लॅट माझी पोरगी रश्मी विकत घेऊन राहिली आहे, व्यवहार अजून व्हायचा आहे. सध्या ती, जावई अन् नात कोराडीले क्वार्टरमध्ये आहेत. लोन सरकारी बँकेचं. आषाढात बँकेचे साहेब आले, घर मोजलं, फोटो काढले, किमतीचा रिपोर्ट लिहून गेले.

मग विकणारे काका पोराकडे बेंगलोरले गेले. ते परत आले तं पितृपक्ष लागला. या पंधरवड्यात सही नको, असं मीच म्हटलं. आमचे हे ऑफिसात होते तवा लोकांच्या फायली अडवत... आता पितर होऊन पोरीची अडवली!

नवरात्रात बँकेत गेलो तं मॅडम म्हणे, "तो रिपोर्ट तीनच महिने चालते. आता नवा करा."

"काहून वं बाई? दही आहे का ते, आंबट व्हायले? घर तं जागचं हललं नाही."

"काकू, घर नाही हलत, भाव हलते."

दुसऱ्या एका बँकेत म्हणे सहा महिने चालते. आता भिंती त्याच... मग इथं शिळ्या अन् तिथं ताज्या कशा? मले अजून नाही समजलं.

तिकडे काका म्हणाले, दिवाळीपर्यंत नाही जमलं तं दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. रश्मी रडकुंडीले आली.

परवा साहेब पुन्हा आले. रश्मी खाली फोनवर होती, म्हणून मीच त्यांच्यासंगं वर गेली. म्हटलं, पोरीसाठी भाव पाडू. भिवापूरची मिरची घेतानाही मी आधी नावंच ठेवते... "हे पाहा साहेब, ओल. नळाले धार नाही. खिडकी तं रात्रभर वाजते."

तेवढ्यात रश्मी आली. "आई! काय करून राहिली तू? यांनी किंमत कमी लिहिली तं बँक लोन कमी देईल ना वं!"

म्हणजे घेणाऱ्यानंच मालाची तारीफ करायची? हा कुठला बाजार? मी लगेच पलटली. "खिडकी वाजते म्हणजे साहेब... हवा लय छान येते."

साहेब खो खो हसले. "काकू, विकणारा तारीफ करते, घेणारा नावं ठेवते. मी दोघांचंही ऐकत नाही. आजूबाजूचा भाव पाहतो अन् भिंत ठोकून पाहतो."

काल नवा रिपोर्ट आला. किंमत पहिल्याएवढीच, लोन मंजूर. त्या साहेबांचं भलं होवो, माझं काहीच ऐकलं नाही त्यांनी!

सही होईपर्यंत मले वर पाय ठेवायची बंदी आहे. बसली आहे खाली, छताकडे पाहत... नात वर धिंगाणा घालेल तवा झोपमोड झाली म्हणून पहिली तक्रार मीच करणार आहे.