माईकसमोरची खुर्ची

आमच्या वाडीत सपाट जमीन म्हणजे भाताचं खाचर. बाकी सगळा उतार. कापणी झाली की खाचरातली धसकटं काढायची, ढेकळं फोडायची, पाणी मारून माती चोपायची आणि फक्कीच्या रेषा ओढायच्या. झालं कबड्डीचं मैदान. फक्त कडेला बांध आहे, एवढं खेळताना लक्षात ठेवायचं. लहानपणापासून मी ते लक्षात ठेवलं होतं आणि तिशी ओलांडल्यावर विसरलो.

विसरायला कारण टीव्ही. टीव्हीवरचा चढाईपटू पकडायला आलेल्यांच्या डोक्यावरून उडी मारून सुटतो, ते बघून मला वाटलं, आपण का नाही? महाडला कोर्टाजवळच्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर बसून पोट पुढे आलेलं, तरी वाटलं. उडी झकास गेली. चुलतभावाच्या डोक्यावरून गेली, हे तो स्वतःही कबूल करतो. पण ती तिरकी गेली, आणि टीव्हीतल्या मैदानाला बांध नसतो. माझा उजवा पाय अर्धा बांधावर पडला, अर्धा खाचरात. गुडघ्यातून असा आवाज आला की कुणीतरी सुकी काटकी मोडली असं वाटून मी आधी इकडेतिकडे बघितलं.

"ऊठ रे, नाटकं नको करू," चुलतभाऊ म्हणाला. मग त्यानं गुडघा बघितला आणि गप्प झाला. त्याला गप्प बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. खरी भीती मला तेव्हा वाटली.

लिगामेंट तुटलं होतं, आतली गादीही फाटली होती. ऑपरेशन झालं. पाय आडवा ठेवून घरात पडलो होतो तेव्हा वाडीच्या कबड्डी मंडळातून फोन आला.

"पुढच्या शिमग्याच्या सामन्यांना माईक तुझ्याकडं. आवाज चांगला हाय तुझा."

बाहेरच्या माणसाला यात घाबरण्यासारखं काही वाटणार नाही. आमच्याकडे गुडघे गेलेल्या खेळाडूला माईकसमोर बसवतात. प्लास्टिकची खुर्ची, अंगावर शाल, हातात नारळ. मग तो दिवसभर "लाल संघाला एक गुण" असं म्हणत बसतो. मान मोठा. पण त्या खुर्चीवरून उठून पुन्हा मैदानात गेलेला माणूस मी तरी बघितलेला नाही. ऑपरेशनच्या सुईला मी घाबरलो नव्हतो, त्या शालीला घाबरलो.

व्यायामासाठी महाडच्या एका फिजिओथेरपीच्या मॅडमकडे जायचो. त्या गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून म्हणायच्या, "दाबा, दादा. आणखी. डोळे का मिटलेत?"

"उघडे ठेवले तर गुडघा दिसतो, मॅडम."

"दिसू दे. तुमचाच आहे."

घरी हाच व्यायाम रोज करायचा होता. मी करायचो नाही. आळस नव्हता तो. वाकवताना आतलं नवीन काहीतरी तुटेल, अशी धास्ती होती. बायको विचारायची, "केला व्यायाम?"

"केला."

"टावेल तर दोरीवर वाळत हाय."

त्यानंतर ती समोर बसायला लागली. मी पाय उचलायचा, तिनं तांदूळ निवडायचे आणि माझ्या तोंडाकडे बघून हसायचं. पायऱ्या तर मी उलट्या उतरायचो, शिडीवरून उतरतात तसा. सरळ उतरताना पुढचं पाऊल हवेत असलं की मी ते परत मागे घ्यायचो. "वाडीतली माणसं इचारतात," बायको म्हणाली, "तुमी मागं वळून कुनावर नजर ठेवताय?"

एकदा अंगात वारं शिरलं आणि मॅडमना न विचारता फोनवर बघून बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी गुडघा फुगला, गरम झाला. वाडीजवळच्या पोलादपूरहून महाडपर्यंत एस्टीत मी दोन्ही हातांनी तो धरून बसलो होतो. प्रत्येक खड्ड्याला मनात म्हणत होतो, गेलं सगळं, शाल आली. मॅडमनी तपासलं आणि हसल्या. "काही तुटलेलं नाही. आधी करत नव्हता, आता जास्त केलंत. मधलं काही येतं का तुम्हाला?"

लोक जिद्द म्हणतात. माझ्याकडे जिद्द कुठली, माझ्याकडे खुर्ची होती. कंटाळा आला की ती डोळ्यांसमोर यायची आणि मी पाय उचलायचो. भीतीच्या मागे दुसरी मोठी भीती लावून दिली होती, एवढंच.

वर्ष सरून शिमगा जवळ आला तेव्हा मॅडमनी एका पायावर उड्या मारून घेतल्या, पळवलं, वळवलं, आणि म्हणाल्या, "गुडघा खेळायला तयार आहे. तुमचं मात्र मला सांगता येत नाही."

सरावाला खाचरात उतरलो. मातीला हात लावून कपाळाला लावला आणि चढाईला गेलो. कबड्डी कबड्डी म्हणत सरळ कोपरा गाठला. कोपऱ्यात चुलतभाऊ होता. त्याला हात लावला, परत आलो. कुणी धरलंच नाही. वर टाळ्या वाजवल्या. नवरदेवाला वाट द्यावी तसे सगळे बाजूला झाले होते.

"धरलं का नाय मला?"

"वहिनीनं सांगितलंय," चुलतभाऊ म्हणाला, "पायाला हात लावलास तर घरात पाऊल नको टाकू."

"मग शाल पण घालून टाक ना अंगावर!"

तो जवळ आला आणि हळू म्हणाला, "परत मोडला तर रे? तो आवाज अजून माझ्या कानात हाय."

मोडला तर काय, हे मलाही माहीत नव्हतं. माझ्याही कानात तोच आवाज होता. पण तोंड माझं कधी माझं ऐकत नाही. "धर," मी म्हणालो. "नीट धर."

पुन्हा गेलो. पाय टाकला आणि त्यानं घोटा धरला, उजवाच. मागून बाकीचे पडले. माझं तोंड मातीत, पाठीवर चार माणसं, आणि त्या ढिगात कुठंतरी काहीतरी कट्‌ वाजलं.

कुणीच हललं नाही. मीही नाही.

"तुझं?" खालून चुलतभावानं विचारलं.

मी गुडघा वाकवला. वाकला. सरळ केला. झाला. पुन्हा वाकवला.

"माझं नाय."

"मग माझं बोट गेलं," तो म्हणाला आणि जोरात ओरडला.

बोट मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. मी बाद झालो होतो. बाद झाल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झालेला नाही. तरी लगेच उठवेना. दोघं बांधाला टेकून बसलो, तो बोट धरून, मी गुडघा धरून, आणि आता आधी कोण उठणार यावर आम्ही घाबरट बराच वेळ भांडलो.